शांत म्हणायचं नाही

४ मार्च, सोमवार

आजपासून वर्ग सुरू झाला. सर्जरीच्या वॉर्डात फिरतीवर आलेले विद्यार्थी, आठवड्यातून तीनदा, सकाळचा राउंड आटोपल्यावर. विषय एवढाच की पेशंट बिघडायला लागलाय हे कसं ओळखायचं आणि मोठा डॉक्टर येईपर्यंत हात बांधून उभं न राहता काय करायचं. आमच्या आयसीयूच्या प्रमुख मॅडमनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. त्यांना वाटलं मला शिकवायची आवड आहे. खरं कारण असं की वर्ग वॉर्डामागच्या खोलीत भरतो. तिथे जायला आयसीयूच्या दारावरून जावं लागत नाही.

दादा जानेवारीत गेला, त्याच आयसीयूत, जिथे मी इतकी वर्षं काम केलं. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं. मी नंतर सगळे कागद पाहिले, कुठेही बोट ठेवायला जागा नाही. तरी तेव्हापासून मी त्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. पहिल्यांदा वाटलं, किल्ली विसरलो. त्या दाराला किल्लीच नाही.

मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, महिनाअखेर सांगा. येणार असाल तर एप्रिलपासून तुमचं नाव ड्यूटीत घालते. नाहीतर मला जागा भरावी लागेल." रास्त आहे. मी म्हटलं, सांगतो.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न टाकला. ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेला पेशंट, घाम फुटलाय, कसंतरी होतंय म्हणतो. आधी काय बघाल? सगळे एका आवाजात म्हणाले, "जखम!" पट्टी सोडून जखम बघतील. तोवर तो श्वास घेतोय की नाही हे कोण बघणार, विचारलं तर एकमेकांकडे पाहायला लागले.

६ मार्च, बुधवार

इंग्रजी अक्षरांचा क्रम पाठ असतो सगळ्यांना, पण पेशंटपाशी गेले की विसरतात. म्हणून काल बसून मराठीत जुळवलं. पाच व. वाट, म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे का. वारा, तो आत-बाहेर किती आणि कसा जातोय. वाहणं, म्हणजे रक्त. नाडी, दाब, हातपाय गरम की गार, लघवी होतेय का. वाचा, हाक मारली तर काय उत्तर देतो. आणि शेवटी वस्त्र, पांघरूण बाजूला करून सगळं अंग बघायचं. जखम तिथे, पाचव्या जागी. आधीच्या व-मध्ये काही बिघडलेलं सापडलं तर पुढे जायचं नाही, ते आधी सावरायचं.

एक मुलगा आहे, सगळे त्याला वकील म्हणतात. बोलायला उभा राहिला की बसत नाही. तो म्हणाला, "सर, जखम पाचव्या क्रमांकावर, हा सर्जरीवर अन्याय आहे."

मागून एक छोटीशी, चपळ मुलगी म्हणाली, "सर, सहावा व वकील. पेशंट यानेच जातो."

तिला खारूताई म्हणतात. मला हसू येणार होतं पण आलं नाही. वर्ग बरा झाला.

८ मार्च, शुक्रवार

आज पुतळ्यावर सराव घेतला. मास्क धरून फुगा दाबून श्वास द्यायचा. पुतळा जुना आहे, मान ढिली. हनुवटी उचलली नाही तर छाती हलत नाही. मुलांनी त्याचं नाव मामा ठेवलंय. वकील बराच वेळ फुगा दाबत होता आणि छाती ढिम्म. खारूताई म्हणाली, "अरे, तू मामाला श्वास देतोयस की मामा तुला मामा बनवतोय?"

मी त्याच्या हातावर हात ठेवून पकड बदलली. छाती वर आली तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला की जणू मामा खरंच जिवंत झाला. मग त्याने विचारलं, "सर, खऱ्या पेशंटला असं करताना हात थरथरले तर?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "घाबर खुशाल. फक्त ब्रेक कुठे आहे ते विसरू नकोस."

सगळे गोंधळले. हे दादाचं वाक्य. तो गाडी चालवायला शिकवायचा, आमच्या घराखालीच त्याचं ऑफिस आहे, आणि प्रत्येक नव्या शिकाऊला पहिल्या दिवशी हेच सांगायचा. मी ते कधी मुद्दाम लक्षात ठेवलं नव्हतं.

१२ मार्च, मंगळवार

वर्ग नाही. वहिनींना एकटं वाटू नये म्हणून मी पाचच्या आत घरी येतो. लग्न न केल्याचा हा एक फायदा, दुसरीकडे जायचं नसतं. मी आलो की त्या दाराशीच असतात. मग दोघं टेबलाशी बसतो. त्या वाढतात, मी जेवतो. मला आताशा फार भूक नसते, वयाने असं होतं.

आज मी हात धुवत होतो तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "आत्ता नाही गं. थोडे दिवस जाऊ देत. असं इथे सोडून कसं येऊ?" काय सोडून ते कळलं नाही. घराला म्हणत असतील. घर त्यांना फार लागतं.

खाली दादाचं ऑफिस बंदच आहे. मी एकदा म्हटलं होतं की वहिनी, त्याची काळजी करू नका, माझा पगार पुरतो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि भात वाढला.

खारूताई हल्ली वर्गानंतर शंका विचारायला येते. येताना दोन कप चहा आणते. शंका फार सोप्या असतात, तिला येत असाव्यात असं वाटतं. पण विचारते तर सांगायला हवं. तिच्याबरोबर बिस्किटंही असतात. "मॅडम म्हणाल्या, सरांच्या शंका—म्हणजे सरांना शंका विचारत जा," असं काहीतरी म्हणाली. बिस्किटं खातो, नाहीतर तिला वाईट वाटेल.

१३ मार्च, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

वॉर्डात एक आजोबा आहेत, परवा हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. कालपासून त्यांनी वॉर्ड डोक्यावर घेतला होता. उठून बसायचं, नळ्या ओढायच्या, सिस्टरना शिव्या. निवासी डॉक्टर झोपेचं इंजेक्शन द्यायच्या विचारात होता. मी विद्यार्थ्यांना म्हटलं, थांबा, आपण पाच व करू. वाट ठीक, वारा ठीक. वाहणं बघताना खारूताईला दिसलं की लघवीची नळी मांडीखाली दुमडली आहे आणि पिशवी कोरडी. पोटावर हात ठेवला तर खाली घट्ट गोळा. नळी सरळ केली. पिशवी भरू लागली तसतसा आजोबांचा चेहरा सैल होत गेला, आणि त्यांना गाढ झोप लागली. इंजेक्शन लागलं नाही. असा धडा मागून मिळत नाही. मुलं खूश.

वकील म्हणाला, "सर, घरच्यांना मी सांगू?" मी म्हटलं, सांग.

बाहेर आजोबांचा मुलगा, सून आणि दोन मुली बसल्या होत्या. ओरडणं ऐकून ऐकून सगळे अर्धमेले. वकिलाला भाषेची हौस, वक्तृत्वाची बक्षिसं आहेत त्याच्याकडे. त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "आजोबा आता शांत झाले आहेत. त्यांचा सगळा त्रास संपला."

पुढचं काय सांगू. मोठ्या मुलीने जो हंबरडा फोडला तो तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेला म्हणतात. सून भिंतीला धरून खाली बसली. मुलाने फोन लावले आणि बाहेरगावच्या नातेवाइकांची गाडी निघालीसुद्धा. वकील मध्ये उभा, "अहो तसं नाही, तसं नाही," पण त्याचं कोण ऐकतो.

त्या कल्लोळाने आत आजोबा जागे झाले. म्हणाले, "काय गं, कोण गेलं?"

खारूताई म्हणाली, "कुणी नाही आजोबा. तुम्हीच."

मग तिने जीभ चावली. पण आजोबांनीच त्यावर असं हसायला सुरुवात केली की टाके धरून बसावं लागलं. घरच्यांना आत आणलं. आधी रडले, मग हसले, मग भानावर येऊन वकिलावर तुटून पडले. ते योग्यच.

मी चादरींच्या खोलीत गेलो आणि हसलो. बराच वेळ हसलो. इतकं की नंतर तोंड धुवावं लागलं, डोळ्यांतलं पाणी थांबेना. हसण्याचंच असावं. सिस्टरने बाहेरून विचारलं, "सर, बरे आहात ना?" म्हटलं, चादर शोधतोय.

घरी वहिनींना सांगितलं. पोट धरून हसल्या. कितीतरी दिवसांनी. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे माझीही पंचाईतच झाली, भावोजी."

"तुमची कसली?"

"फोनवर सगळे विचारतात, भावोजी कसे आहेत. मी सांगते, शांत आहेत."

"बरोबरच आहे की."

"हो ना," म्हणाल्या. "आता दुसरा शब्द शोधायला हवा." आणि उठून पाणी आणायला गेल्या. पाण्याचा तांब्या टेबलावर होताच.

१४ मार्च, गुरुवार

मोठ्या सरांनी बोलावलं. सर्जरीचे प्रमुख. वर्गाबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून चांगलं नाही. "तुमचे विद्यार्थी आता जिवंत माणसं मारायला लागले," म्हणाले. "तुम्ही आयसीयूची माणसं. पेशंट हाताबाहेर गेला की तुमच्या दारात, तोवर आमचा. इथे काय ते नळ्या तपासत बसायचं? पोरं ऑपरेशन बघायला येतात."

मी सांगितलं, नळी दुमडलेली सापडली म्हणूनच इंजेक्शन वाचलं. म्हणाले, "ते मला सांगा, घरच्यांना सांगू नका. त्यांना भलतंच काहीतरी सांगता. पुन्हा एकदा असं झालं तर वर्ग बंद."

मी बरं म्हणून आलो. मला भांडता येत नाही. दादाला यायचं.

१५ मार्च, शुक्रवार

वर्गात नियम केला. या खोलीत आणि या वॉर्डात शांत हा शब्द कुणीही वापरायचा नाही. फोनवर नाही, राउंडला नाही, घरच्यांपाशी तर नाहीच.

"मग काय म्हणायचं?" कुणीतरी विचारलं.

"जे दिसतं ते. डोळे उघडे की मिटलेले. हाक मारली तर काय म्हणतो. श्वास कसा आहे. झोपलाय तर झोपलाय म्हणा, पण आधी उठवून बघा."

मग मला अजून एक सांगावंसं वाटलं ते सांगितलं. दंगा करणारा पेशंट गप्प झाला की आपल्याला बरं वाटतं. ते आपल्याला वाटतं. त्याला बरं वाटतंय का, ते वेगळं बघायला लागतं. थकून गप्प झालेला आणि दुखणं थांबून गप्प झालेला, दोघं लांबून सारखेच दिसतात.

वर्गात अशी शांतता—असे गप्प बसले सगळे, की मला वाटलं कंटाळले.

वकील आला नव्हता. कँटीनमध्ये सापडला, एका कोपऱ्यात, समोर गार झालेला चहा. म्हणाला, "सर, मी बोलणंच बंद करणार आहे. मी रेडिओलॉजीला जातो. तिथे फोटोंशी बोलायचं असतं."

मी त्याला दादाच्या एका शिकाऊ मुलाची गोष्ट सांगितली. त्याने पहिल्याच दिवशी गाडी टोमॅटोच्या हातगाडीत घातली. रस्ताभर टोमॅटो. दादाने आधी टोमॅटो गोळा करायला लावले, विकणाऱ्याची माफी मागायला लावली, आणि मग त्याच मुलाला त्याच जागेवरून परत गाडी चालवायला बसवलं. म्हणाला, आज उतरलास तर कधीच बसणार नाहीस.

वकील म्हणाला, "पण सर, मी तर माणूस मारला."

"माणूस दुपारी दोन वेळा जेवला. आणि बोलणं बंद करू नकोस. विशेषणं बंद कर."

तो उठला. चहा मात्र तसाच ठेवून आला. मीही माझा प्यायलो नव्हतो, ते नंतर लक्षात आलं.

१८ मार्च, सोमवार

नियम लागू झाला आहे. आज राउंडला एकाने सांगितलं, "पेशंट शां... म्हणजे डोळे मिटून आहेत, हाक मारल्यावर 'काय कटकट आहे' असं पूर्ण वाक्य बोलले, श्वास आरामात." निवासी डॉक्टर हसला. पण मला इतकं कळलं की मला उठून जायची गरज नाही. ही माहिती पूर्वी कुणी दिली नव्हती.

वॉर्डात एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, गेल्या आठवड्यात आतड्याचं ऑपरेशन झालं. छिद्र पडलं होतं, तो तुकडा काढून टोकं जोडली. त्यांना सगळे रेडिओ म्हणतात, त्यांच्या तोंडावरसुद्धा. सकाळी सुरू होतो तो दिवे घालवेपर्यंत. सिस्टर सुई कशी धरतात, चादर कशी घालतात, शेजारणीच्या सुनेचं काय चुकतं. आज वकिलाला म्हणाल्या, "तुझ्या कोटाचा खिसा कुणी शिवलाय? उसवून परत घाल. डॉक्टर म्हणून हिंडतोस आणि खिसा असा रडतोय." त्यांचा नवरा बाजूला स्टुलावर बसलेला असतो. त्याला बोलायला फट मिळत नाही.

दुपारी आयसीयूच्या दारापर्यंत गेलो. मॅडमचा एक कागद द्यायचा होता. आतून कुणीतरी बाहेर येत होतं, त्याच्या हाती दिला.

२१ मार्च, गुरुवार

थकलो आहे, पण लिहितो.

सकाळी निवासी डॉक्टर भेटला, खुशीत होता. "सर, रेडिओ आज बंद आहे. सुटलो. काल पोट जरा फुगलं होतं, आता आराम पडलेला दिसतोय." सिस्टरही म्हणाल्या, बरं झालं, वॉर्डाला कान मिळाले. मी हसून पुढे गेलो. हे मी केलं, म्हणून लिहून ठेवतो.

खोलीत मामाची मान बांधत होतो तेवढ्यात वकिलाचा फोन आला. "सर, रेडिओ आज शां—" आणि थांबला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग एक एक शब्द जोडत बोलायला लागला. "डोळे मिटलेत. हाक मारली तर उघडतात, पण नुसतं हं म्हणतात. मी खिसा दाखवला, सर. काही बोलल्या नाहीत. श्वास भराभर आहे, उथळ, नाकपुड्या फुगतायत. हात गार आहेत. गुडघ्यांवर निळसर जाळी दिसतेय. लघवी पिशवीच्या तळाशी थोडीशी, चहासारखी." मग एकदम म्हणाला, "सर, ह्यांना आराम पडलेला नाही."

मी म्हटलं, "ऑक्सिजन लाव. खारूताईला सांग दुसऱ्या हातात मोठी सुई घालायला. मी येतोय."

मी पोचलो तेव्हा दोन्ही झालेलं होतं. पोट कडक होतं. आतली शिवण सुटली होती हे कुणीही सांगितलं असतं. जंतू रक्तात पसरले की असं होतं. सलाइन सुरू केलं, तपासणीसाठी रक्त घेतलं, अँटिबायोटिक लगेच दिलं, दाब टिकेना म्हणून तो वाढवणारं औषध पंपाने जोडलं. मोठ्या सरांना बोलावलं. ते आले, पोटावर हात ठेवला. ऑपरेशनची खोली रिकामी करायला सांगितली. जाताना वकिलाला म्हणाले, "कुणी पाहिलं?" तो घाबरून म्हणाला, "सर, मी. पण मी फक्त दिसलं ते सांगितलं." सर म्हणाले, "हात धू आणि आत ये. बघ काय झालंय ते."

भूल मी दिली, मूळचा मी भूलतज्ज्ञच. फट दिसली, पोट धुतलं, आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर बाहेर काढून ठेवलं. श्वासाची नळी तशीच ठेवून बाईंना बाहेर आणलं. ट्रॉली ढकलत, फुगा दाबत, आम्ही सगळे निघालो. खारूताई पुढे लिफ्ट धरून. मी औषधाच्या पंपावर नजर ठेवून होतो. व्हेंटिलेटर लावला, नळी तपासली, आकडे बघितले, बदलले, परत बघितले. संध्याकाळपर्यंत दाब जरा सावरला.

मग मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, चहा घ्या. इथेच आणलाय."

इथेच म्हणाल्या तेव्हा मी मान वर केली.

मी आत होतो. दुपारपासून आत होतो. दार कधी ओलांडलं, मला आठवत नाही. मी लिफ्टपासूनचं सगळं आठवून पाहिलं. पंप आठवतो, दार नाही.

दादाचा बेड पलीकडच्या रांगेत आहे. मी त्याच्या शेजारून कितीतरी वेळा गेलो असणार. मी तिकडे पाहिलं. त्यावर एक भरदार गृहस्थ उशीला टेकून बसले होते आणि सिस्टरशी वाद घालत होते की चहा गार आहे. "हा चहा आहे का? हे चहाचं धुवण आहे." मी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. त्यांना वाटलं माझा गरम आहे. म्हणाले, "डॉक्टर, तुमचा द्या."

दिला.

२२ मार्च, शुक्रवार

बाई अजून व्हेंटिलेटरवर आहेत. दाबाचं औषध निम्म्यावर आलं. लघवी सुरू झाली. मी सकाळपासून तिथेच. दारातून जाताना आज एक क्षण थांबलो, पण नुसता थांबलो.

त्यांचा नवरा बाहेर बसलेला असतो. मी सांगायला गेलो, तर तोच बोलायला लागला आणि थांबेना. लग्नापासूनचं सगळं सांगितलं. शिवणयंत्र कसं घेतलं, कर्ज न काढता, भांडून भांडून भाव पाडून. मग म्हणाला, "साहेब, मला काल पहाटेच कळलं होतं. तिने उठल्यावर माझा शर्ट चुरगळलाय असं म्हटलं नाही. रोज म्हणते. मला वाटलं, काहीतरी झालंय हिला. पण सगळे म्हणाले आराम पडलाय, मोठ्या लोकांपुढे मी काय बोलणार? आणि खरं सांगू का, मलापण तेवढा वेळ बरं वाटलं. जरा निवांत." मग तो रडायला लागला. मी त्याच्याजवळ बसून राहिलो.

वर्गात सहावा व सांगितला. विचारणं. जो माणूस पेशंटबरोबर राहतो त्याला विचारायचं, आज रोजच्यासारखं काय नाही. आणि विचारायला उशीर करायचा नाही, कारण तो आपणहून सांगत नाही, त्याला वाटतं हे इतकं छोटं आहे.

वकील म्हणाला, "सर, म्हणजे मी सातवा."

वर्ग संपल्यावर खारूताई चहा घेऊन आली. शंका काय विचारू ते तिला आठवेना. मग म्हणाली, "सर, आज तुम्ही जेवलात का?" म्हटलं, ही शंका आहे का? म्हणाली, "सहावा व, सर."

नाही जेवलो, म्हटलं. तिने डबा उघडून पुढे ठेवला. तिच्या आईचा होता. मी संपवला.

२३ मार्च, शनिवार

आज सकाळी व्हेंटिलेटरची मदत कमी करत करत बंद केली. बाई स्वतः श्वास घेत होत्या, नजर लख्ख, सांगितलं तसा हात दाबत होत्या. नळी काढली. खोकल्या, तोंड वाकडं केलं. मी हाक मारली, "ताई, कसं वाटतंय?" ओठ हलले, आवाज बसलेला. मी कान जवळ नेला.

नवऱ्याला सांगायला बाहेर गेलो. तो उभा राहिला. इतक्या वर्षांत मी कितीतरी लोकांना बाहेर येऊन सांगितलंय, बरं-वाईट. आज तोंड उघडलं आणि शब्दच येईना. जानेवारीत मॅडम याच जागी येऊन माझ्यापुढे अशाच उभ्या राहिल्या होत्या. त्यांनाही सुचलं नव्हतं.

त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचा रंग उडाला. तेव्हा मी घाईने म्हटलं, "अहो, त्या म्हणतायत, तुमचा शर्ट बघा. दोन दिवस हाच आहे का, विचारतायत."

तो तिथेच फरशीवर बसला. हसतोय की रडतोय कळेना. मग उठून शर्ट खेचून सरळ करायला लागला. आत नेलं. बाईंचा आवाज नव्हता, पण ओठ थांबले नाहीत. तो नुसता हो हो करत होता.

मोठे सर येऊन गेले. बाईंकडे पाहून मान हलवली. जाता जाता मला म्हणाले, "तो वर्ग पुढच्या तुकडीलाही ठेवा. जखम पाचवी ते जरा खटकतं, पण ठेवा."

मॅडम टेबलाशी कागद भरत होत्या. मी म्हटलं, "एप्रिलपर्यंत कशाला थांबायचं. सोमवारपासून येतो." त्यांनी मान वर न करता ड्यूटीचा तक्ता पुढे सरकवला. सोमवारच्या रकान्यात माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. शाई जुनी होती.

घरी यायला सात वाजले. वहिनी दाराशी नव्हत्या. आत टेबलाशी कागद पसरून बसल्या होत्या, ऑफिसचे. मला पाहून एकदम गोळा करायला लागल्या.

मी म्हटलं, "वहिनी, मी सोमवारपासून आयसीयूत जातोय. रोज लवकर येता येणार नाही. तुम्ही एकट्या पडाल, पण..."

"अगं बाई," म्हणाल्या. "खरंच जाताय?"

"हो."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "म्हणजे मी ऑफिस उघडू?"

"मी कधी नको म्हटलं?"

"पगार पुरतो म्हणालात."

"ते तुम्हाला त्रास नको म्हणून."

"आणि मी तुम्हाला टाकून खाली कशी जाणार? संध्याकाळी येऊन भिंतीकडे बघत बसता. माझी बहीण महिनाभर बोलावतेय, मी तिला सांगते, नाही गं, इथे सोडून कसं येऊ."

"मला सोडून?"

"नाहीतर काय फ्रिजला?"

मी पाचला घरी यायचो ते त्यांच्यासाठी, हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "वा, भावोजी. दोन पहारेकरी एकमेकांवर पहारा करत बसले, आणि चोराचा पत्ताच नाही."

मग दोघंही हसलो. मध्येच त्या रडल्या, थोड्या. मीही. या वेळी कारण माहीत होतं.

जेवलो. भात दुसऱ्यांदा मागून घेतला, त्यांनी डोळे मोठे केले पण वाढला. जेवताना सांगत होत्या, शिकायला यायचंय म्हणून तीन बायका कधीपासून विचारतायत, बाई शिकवणार असेल तर आम्ही येतो म्हणतात. त्यांना शिकवायचा परवाना आहे हे मला माहीत होतं. शिकवायची इच्छा आहे हे मी कधी विचारलंच नाही.

"पण गाडी जानेवारीपासून उभी आहे," म्हणाल्या. "मघाशी किल्ली फिरवून पाहिली. हूं नाही की चूं नाही. बॅटरी गेली."

मी म्हटलं, उद्या रविवार आहे. वकिलाला आणि खारूताईला बोलावू, उतारावर ढकलून बघू. मी मागून ढकलतो, तुम्ही चालवा.